दोन्ही डोळे मिटून काढलेला फोटो

रविवार, ५ जानेवारी २०२५

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. रिटायर झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं, म्हणून ही वही काढली.

निशिगंधा गच्चीबावलीहून आली ती एक खोकं घेऊन. आत फिल्म स्कॅनर. पावाच्या लादीएवढं यंत्र. ट्रेमध्ये निगेटिव्हची पट्टी बसवायची, ट्रे आत सरकवायचा, की फोटो कॉम्प्युटरवर हजर. म्हणाली, पप्पा, आजोबांच्या डब्याचं आता काहीतरी कराच.

डबा म्हणजे सज्ज्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आमचे बाबा, भिवाजी सोनकांबळे, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि फोटोचे शौकीन. देगलूर-नांदेडकडून पोटासाठी हैदराबादला आलेल्या आपल्या सगळ्या लोकांची लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका त्यांनीच टिपल्या. जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा अल्बमांचा लगदा झाला. डबा सज्ज्यावर होता म्हणून वाचला. नल्लकुंट्याच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून कोणी उघडला नव्हता. आत त्रेसष्ट पट्ट्या निघाल्या, वळकटीसारख्या वळलेल्या.

रेणुकाने, माझ्या बायकोने, लगेच विचारलं, हे कुठे ठेवणार? सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर असल्यामुळे तिला घरातसुद्धा प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली लागते. हे तांत्रिक काम आहे, यंत्राला हात फक्त मी लावणार, असं मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. ती "बरं" म्हणाली. एवढ्या लवकर ती कधी बरं म्हणत नाही.

ही वही तशी सुरक्षित आहे. निशिगंधाला मराठी वाचायचं तर अक्षरं जुळवत बसावं लागतं, मायला दिसत नाही आणि रेणुकाला वेळ नाही.

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी पहिली पट्टी घातली. एक लग्न. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, मागे तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. पण नवरीच्या तोंडावर देवी आल्यासारखे ठिपके, आणि भंतेजींच्या गुळगुळीत डोक्यावर एक लांबलचक केस. नवऱ्याचा बाप आडवा कापलेला, कारण पट्टी वळून ट्रेमधून उठत होती.

सेटिंग तीनदा बदललं. ठिपके जास्त ठळक झाले. यंत्र खराब असावं.

बुधवार, ८ जानेवारी

आज जेवताना मायसमोर स्कॅनरचा विषय निघाला आणि गाडी भलत्याच रुळावर गेली.

मायचं वय ऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. माणसं ती पावलांच्या आवाजावरून ओळखते. तीन वर्षं झाली रेणुका ऑपरेशन करून घ्या म्हणून मागे लागलीय, आणि मायचं एकच, नक्को, आता काय बघायचं राहिलंय. आज वरणात भाकरी कुस्करता कुस्करता तिने विचारलं, डब्यात बागे-आमातला फोटो आहे का. कुठला म्हटलं, तर म्हणे तुझ्या बापाचा, मी काढलेला.

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. फोटो काढणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो. घरात बाबांचा एकच फोटो आहे, रेल्वेच्या पासवरून मोठा केलेला. त्यात ते नुकत्याच पकडलेल्या चोरासारखे दिसतात. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी दोघं बागे-आममध्ये, म्हणजे आताच्या पब्लिक गार्डनमध्ये, फिरायला गेले होते. तिथे बाबांनी कॅमेरा मायच्या हातात दिला आणि एक डोळा मिट म्हणाले.

"मला एक डोळा मिटता येतोय व्हय? म्या दोन्ही मिटले आन् खटका दाबला. त्यो हसत व्हता. हसणं ऐकलं म्या, तोंड बघितलंच न्हाई."

मग फोटो कुठे गेला, मी विचारलं. बाबा म्हणाले होते म्हणे, ऊन जास्त झालं, बिघडला, कागदावर येण्यासारखा नाही. पण फेकला नाही. तुझा बाप काही फेकायचा नाही, माय म्हणाली. आणि मग ताट सरकवून तिने सौदा सांगितला.

"त्यो फोटो दावतो म्हन. मंग म्या डोळा देते डाक्टरला."

रेणुकाने हातातला डाव खाली ठेवला आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला. एकोणतीस तारीख मिळाली. एक डोळा आता, दुसरा दोन महिन्यांनी. मी म्हणालो, अगं पण फोटो सापडला नाही तर? रेणुका म्हणाली, मग त्या डोळा उघडणार नाहीत, झोपवलं तरी टेबलावरून उठून येतील. ती थट्टा करत नव्हती. मायला मीही ओळखतो.

शुक्रवार, १० जानेवारी

जामबागेत रऊफभाईंकडे जाऊन आलो. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बारा वर्षं झाली, पण बाबांच्या फिल्मा तेच धुवायचे. पहिली चाय होईपर्यंत मुद्द्यावर आलेच नाहीत. मग म्हणाले, "साब, फिल्म को दो बाजू रहते. चमकती बाजू उप्पर, फीकी नीच्चे. उल्टा रखे तो दुनिया उल्टी." दुसरी गोष्ट, धूळ हा एकच दुश्मन, बाकी सब बकवास.

पहिली गोष्ट पटली. घरी येऊन लॉगमध्ये लाल शाईने लिहिली. धुळीचं मात्र काही पटलं नाही. आपलं घर स्वच्छ आहे. घरी आल्यावर रेणुकाला हे सगळं सांगायला गेलो, पण ती कुकर लावत होती, त्यामुळे फक्त धुळीबद्दलचं सांगितलं आणि हसलो.

सोमवार, १३ जानेवारी

फॉल्ट सापडला. नोंद केल्याशिवाय फॉल्ट सापडत नसतो, हे मी ज्युनियर पोरांना नेहमी सांगायचो.

तीन दिवस सकाळचे स्कॅन आणि संध्याकाळचे स्कॅन वेगवेगळे लिहून ठेवले. सकाळचे घाण, चार वाजल्यानंतरचे स्वच्छ. त्याच पट्ट्या, तेच यंत्र. याचा अर्थ उघड आहे. सकाळी सगळी कॉलनी पाण्याच्या मोटरी लावते आणि व्होल्टेज पडतं. यंत्राला दम लागतो.

रेणुका अडीचला ड्युटीवरून येते. तिला हे समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरोबर असेल. मग मी नेहमीप्रमाणे जेवून आडवा झालो. उठलो तर पंखा बंद आणि हातापायाला डास चावलेले. हल्ली ही बाई दुपारी पंखा बंद करायला लागलीय. काटकसरीचं हे वय नाही, पण कोण बोलणार.

गुरुवार, १६ जानेवारी

पतंगांच्या दोन दिवसांत कॉलनीभर लाऊडस्पीकर चालू होते, काम झालं नाही. आज कोठीच्या बाजारातून स्टॅबिलायझर आणून जोडला आणि काय सांगू! संध्याकाळी सलग नऊ पट्ट्या केल्या, ठिपका नाही. भंतेजींच्या डोक्यावरचा केससुद्धा गेला. नवऱ्याचा बाप पूर्ण आला, त्याच्या खिशातली तंबाखूची चंची दिसते. पट्ट्या आता सरळ बसतात, वळत नाहीत. स्टॅबिलायझरचा त्यावरही परिणाम होत असावा, तपासायला हवं.

किरकोळ तक्रारी. एक, हॉलमध्ये सारखा स्पिरिटचा वास येतो, रेणुकाच्या कपड्यांना दवाखाना चिकटतो. दोन, फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसलेली असते, आज पाय घसरला. तीन, माझी जुनी टेलिफोन डिरेक्टरी, जिला कोणी हात लावलेला मला चालत नाही, ती रोज कपाटातून बाहेर आलेली असते. मायचं काम असेल, तिला उशाला काहीतरी जाड लागतं.

रविवार, १९ जानेवारी

निशिगंधा आली. चाळीस पट्ट्यांचे फोटो दाखवले. एकेकाचं वर्णन करून मायला सांगितलं की ती कपड्यावरून नाव ओळखते. चौकटीचं लुगडं? मग ती गंगू. काखेत पोर, पायात बूट? मग एकनाथराव, त्याला पलटणीतले बूट मिळाले होते. दुपारभर हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. एका जयंतीच्या मिरवणुकीत हाफ चड्डीतला मी आहे, तोंडात बत्तासा. इतकी वर्षं मला वाटायचं मी लहानपणी देखणा होतो.

निशिगंधाने स्टॅबिलायझर पाहिला. तो कशाला, विचारलं. सगळी थिअरी सांगितली. तिने टेबलावरचा एक रबरी फुगा उचलला, दाबला, फुस्स आवाज आला, आणि आईकडे बघून तोंडावर हात ठेवला. लहान बाळाच्या नाकाचा असतो तसला फुगा. घरात बाळ नाही, तो कुठून आला देव जाणे. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "पप्पा, यू आर टू मच." कौतुक असावं.

पण बाबा अजून कुठेच नाहीत. मायने विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

बुधवार, २२ जानेवारी

पट्टी नंबर सत्तेचाळीस. पूर्ण काळी. स्कॅनरने नुसता पांढरा कागद दाखवला. बाद.

पट्टी नंबर अठ्ठेचाळीस ते त्रेपन्न. रेल्वे इन्स्टिट्यूटचं नाटक. बाबा नाहीत.

शुक्रवार, २४ जानेवारी

त्रेसष्ट झाल्या. डबा संपला.

तीनशे अडतीस फोटो, सगळे लख्ख, आणि त्यातल्या एकातही माझा बाप नाही. एका फोटोत जमिनीवर त्यांची सावली आहे, डोक्यावर टोपी आणि दोन्ही कोपरं बाहेर. मी ती सावलीच बराच वेळ मोठी करून बघत बसलो. मला आज मोकळं रडू आलं. बाबा गेल्यापासून, पंचवीस वर्षांत, असं आलं नव्हतं.

मायला सांगायची हिंमत होत नाही. पाच दिवस राहिलेत. रेणुकाला सांगितलं. तिने विचारलं, सगळ्या बघितल्या? बाद केलेल्यासुद्धा? मी जरा चिडूनच म्हणालो, बाद म्हणजे बाद, काळ्याकुट्ट पट्टीत काय बघायचं. ती म्हणाली, आमच्याकडे एक्स-रे फार काळा आला तर आम्ही टाकत नाही, जोराच्या दिव्यावर धरतो. मी म्हणालो, हा दवाखाना नाही. आता वाटतं, असं बोलायला नको होतं.

रविवार, २६ जानेवारी

सापडला!

घाईत लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल. दुपारी झोपून उठलो, सवयीने मशीनपाशी बसलो. ट्रेमध्ये एक पट्टी आधीच बसवलेली होती. परवा मीच बसवून विसरलो असणार. ट्रे आत सरकवला, पडद्यावर पांढरं. काढणार, तेवढ्यात डोक्यात लख्खकन आलं: दिवा वाढवून बघावा. ही अशी कल्पना कशी सुचते ते सांगता येत नाही, अनुभवातून येते. उजेडाचं बटण एकदम टोकाला नेलं. आधी एक बाक आला. मग बाकावर गुडघे आले. मग पांढऱ्या सदऱ्याची बटणं, आणि मग तोंड.

बाबा हसताहेत. पासमधले ते चोर नव्हेत. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा, मान मागे टाकून, डोळे बारीक करून हसतोय, गालावर तीळ, हात पुढे केलेला, म्हणजे थांब थांब म्हणताना पकडलाय. फोटो तिरका आहे आणि पायांची बोटं कापली गेलीत. पण काय फोटो आहे! माझ्या मुलीच्या वयाचा माझा बाप.

मी ओरडलो. रेणुका स्वयंपाकघरातून आली, पडद्याकडे बघितलं आणि तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मी म्हणालो, बघ, चिकाटी म्हणतात याला. तिने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासऱ्यांना तिने म्हातारे आणि आजारीच पाहिले होते.

मायला एवढंच सांगितलं, आहे. मी वर्णन करायला लागलो तर तिने हात वर केला.

"सांगू नगस. म्या बघनार हाय."

बुधवार, २९ जानेवारी

ऑपरेशन झालं. पंचवीस मिनिटं. रेणुका आत होती, मी बाहेर जय भीम, जय भीम करत फेऱ्या मारत होतो. माय पट्टी बांधून बाहेर आली आणि पहिलं वाक्य, आतला डाक्टर लई बडबड करतो.

फोटो मोठा छापून आणलाय, वर्तमानपत्राच्या पानाएवढा. उशाखाली ठेवून झोपली. दुमडेल म्हटलं तर ऐकलं नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

आज सगळं लिहायचंय, एक शब्द गाळायचा नाही.

सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. मायने फोटो सोबत नेला होता, पण तिथे बघितला नाही, घरी जाऊन बघणार म्हणाली. घरात शिरताच भिंतींकडे बघून विचारलं, रंग कधी दिला. रेणुकाकडे बघून म्हणाली, तुझे केस पांढरे झाले की गं पोरी. माझ्याकडे वळून फक्त माझ्या पोटाकडे बघितलं. मग खिडकीजवळ बसली, गुंडाळी उलगडली.

आम्ही तिघं उभे होतो, निशिगंधा ऑफिस बुडवून आली होती. माय बराच वेळ बघत राहिली. कागदावरून बोट फिरवलं. "हसतोय," म्हणाली. मग तिने कागद जवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "पर ह्यो उलटा हाय."

माझा पारा चढला. म्हणालो, माय, शक्य नाही, चमकती बाजू वर, फिकी खाली, लाल शाईने लिहिलंय. ती शांतपणे म्हणाली,

"तीळ ह्या गालावर न्हाई, त्या गालावर. म्या ज्या अंगाला बसायचे, त्या अंगाला. अडतीस वर्सं त्योच तर बघितला."

तेव्हा रेणुका म्हणाली,

"आत्याबाई, ती पट्टी मी उलटी बसवली."

मी विचारलं, तू? ती म्हणाली, अहो, एक्स-रेवर डावं-उजवं लिहिलेलं असतं. यावर कुठे लिहिलंय? निशिगंधा इतकी हसली की खालीच बसली.

तेव्हा मी ही वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचली. पंखा धूळ उडवतो म्हणून बंद. फरशी धुळीसाठी पुसलेली. स्पिरिट आणि गॉज पट्ट्यांसाठी. रबरी फुगा फुंकर मारायला. वळलेल्या पट्ट्या डिरेक्टरीत दाबून सरळ केलेल्या. आठ तास ड्युटी करून आलेली बाई माझ्या झोपेत रोज तासभर हे करत होती, आणि मी चार वाजता उठून स्टॅबिलायझरला शाबासकी देत होतो. चौतीस वर्षं मी फॉल्ट शोधायची नोकरी केली! मला आधी लाज वाटली. मग जो आनंद झाला तो काही औरच, तो कसा लिहायचा ते मला कळत नाही. सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, यंत्राला हात फक्त तुम्ही लावणार होतात. मी यंत्राला हात लावलाच नाही, ट्रे बाहेर होता.

कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, बाबा फिरले. तीळ त्या गालावर गेला. मायला पडद्यासमोर बसवलं. ऑपरेशन न झालेल्या डोळ्यात अजून धुकं आहे, दोन्हींनी बघताना तिला गोंधळ होत होता. म्हणून तिने तळहाताने तो डोळा झाकला. मग हात काढला, आणि तोंड वाकडं करून, सगळ्या सुरकुत्या एका बाजूला ओढून, तो डोळा नुसता मिटून बघितला.

"बघ," पडद्याकडे बघत ती म्हणाली, आम्हाला नव्हे. "आता येतोय मला एक डोळा मिटता."

रविवार, २ फेब्रुवारी

स्टॅबिलायझर फ्रिजला जोडला. रऊफभाईंना फोटो पाठवला, ते म्हणाले धूल का बोला था ना मैं. हौ, बोले होते.

गंगूबाईंच्या नातवंडांपासून सगळ्यांना त्यांचे त्यांचे फोटो द्यायचेत, त्यामुळे काही पट्ट्या अजून मोठ्या करून स्कॅन करायच्या आहेत. आज जेवून आडवा झालो, पण झोपलो नाही. झोपेचं सोंग घेतलं. पंखा बंद झाला. डोळे किलकिले करून बघितलं. रेणुका चष्मा नाकावर ओढून, हातात मोजे घालून खिडकीपाशी बसली होती. एकेक पट्टी उजेडात धरायची, फुंकर मारायची, गॉजने टोकापासून टोकापर्यंत एकदाच पुसायची. आणि ठेवण्याआधी प्रत्येक पट्टी फिरवून बघायची, चमकती कुठली, फिकी कुठली. तीस वर्षं तिचं काम मी कधी बघितलंच नव्हतं. थिएटरमध्ये आपल्याला कोण सोडतंय.

डास चावत होते, तरी हललो नाही. दहा मिनिटं झाली असतील. तिने मान न वळवता, पट्टीवरची नजर न काढता म्हटलं,

"सोंगच घ्यायचं तर थोडं घोरा तरी. मला त्याशिवाय कामात लक्ष लागत नाही."